सिदूचं दुखणं आणि दत्ता सुभेदार

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी हात धुऊन, हातमोजे चढवून ऑपरेशनला उभा राहिलो होतो. टेबलावर शिराळ्याकडचा एक शेतकरी होता, कमरेखाली भूल दिलेली, उजव्या बाजूचा हर्निया. फोन तीनदा वाजला म्हणून सिस्टरनं तो माझ्या कानाशी धरला. पलीकडे दत्ताचा मुलगा महेश होता. "काका, आण्णा गेले," म्हणाला. सकाळी धार काढून आले, पडवीत टेकले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत मान कलंडलेली. मी "बरं" म्हणालो. पाचवीपासूनची मैत्री, आणि शेवटी माझ्या तोंडून निघालं ते एवढंच... बरं. मग मी ते ऑपरेशन केलं, नीट केलं, आणि दुपारी गाडी काढून पाटणच्या रस्त्याला लागलो. तो शेतकरी दुसऱ्या दिवशी हसत घरी गेला. दत्ताला हे फार आवडलं असतं, असं अशा लेखात लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. दत्ताला काय बरं आणि काय वाईट हे ठरवायचा अधिकार मी एकदा घेतला होता, आणि त्याचंच हे सगळं लिहितो आहे.

आम्ही दोघं पाटणच्या शाळेत एका बाकावर. मी किडकिडीत, पुस्तकात डोकं घातलेला. दत्ता आडवातिडवा, तालमीतून थेट शाळेत येणारा, अंगाला माती तशीच. गणितात तो माझं बघून लिहायचा आणि बदल्यात मला कोणी हात लावत नसे. दहावीनंतर मी कराडला आणि पुढं मेडिकलला गेलो, दत्ता भरतीत पळाला आणि पहिल्या झटक्यात घेतला गेला. कुस्ती पलटणीतही चालू राहिली. सुट्टीवर आला की पहिल्या दिवशी देवाला, दुसऱ्या दिवशी तालमीत वस्तादांना आणि तिसऱ्या दिवशी मला भेटायचा. मी तेव्हा सर्जन होऊन कराडात नुकताच दवाखाना टाकला होता. माझ्या खुर्चीत बसून तो म्हणायचा, "अव्या, आपण दोघंबी कापाकापीच्याच धंद्यात हाय रं." मला तेव्हा ते विनोदी वाटायचं, कारण तोवर त्यानं कोणाला कापलेलं नव्हतं आणि मीही फारसं नाही.

नायब सुभेदार असताना त्याची पलटण शांतिसेनेत गेली, आफ्रिकेतल्या एका देशात, निळी टोपी घालून. फौजेत ही संधी आयुष्यात एकदा आली तर येते. गावात त्याचा केवढा गाजावाजा! पारावर फलक, शाळेत निरोप समारंभ, आणि वर्षानं परत आल्यावर त्याच शाळेत त्याचं भाषण. मुख्याध्यापकांना वाटलं होतं, आता लढाईच्या गोष्टी ऐकायला मिळणार. दत्तानं पोरांना पाणी किती प्यावं ते सांगितलं. कारण तिथं पलटणीत गोळीनं कोणाचं सालटंही गेलं नव्हतं. माणसं आडवी झाली ती भलत्याच गोष्टींनी. कोणाला मुतखडा, कारण उन्हात टेहळणीला उभा राहताना लघवीला जायला नको म्हणून पाणीच प्यायचा नाही. कोणी व्हॉलीबॉल खेळताना घोटा मोडून घेतला. एकाचं बोट जनरेटरच्या पट्ट्यात गेलं, ट्रक कलंडून दोघांच्या बरगड्या गेल्या. अपेंडिक्स तीन, मूळव्याध तर विचारूच नका. पोरं खूप हसली. मुख्याध्यापकांनी आभार मानताना देशासाठी सांडलेल्या रक्ताचा उल्लेख केला, तेव्हा दत्ता खाली बघत होता. माझ्या शेजारी येऊन बसला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता, हे मला आज आठवतं. तेव्हा मी त्याचा अर्थ लावायच्या फंदात पडलो नाही.

सुभेदार होऊन तो निवृत्त झाला आणि त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. कोणी कमरेला हात लावून चालताना दिसला की दत्ता त्याला आडवा. "काय हुतंय? कुठं दुखतंय? दाव." बाजारात, लग्नात, एसटीत, कुठंही. आणि मग त्या माणसाला हाताला धरून माझ्याकडे. ऊसतोडीला जाऊन हर्नियाचा गोळा उतरलेले, पोती उचलून उतरलेले, दहा-दहा वर्षं धोतराच्या घडीत लपवलेले. आमच्याकडे बाप्यामाणूस दुखणं सांगत नाही, आणि त्यातून ते दुखणं मांडीच्या सांध्यातलं असलं तर बायकोलाही सांगत नाही. दत्ता ते सांगायला लावायचा, अगदी अंगावर येऊन. मी त्याला एजंट म्हणून चिडवायचो. तो हसायचा नाही. एवढा थट्टेखोर माणूस ह्या एका गोष्टीत का हसत नाही, असं मला वाटायचं आणि बाहेर बसलेले पेशंट बघून मी ते विसरून जायचो.

मग एक दिवस त्यानं धुळाबापूंना आणलं. आटपाडीच्या पलीकडच्या एका वाडीतले धनगर. डोक्याला तांबडा पटका, पायात जाडजूड वहाणा, सत्तरी गाठलेली. मेंढरं राखण्यात जन्म गेला, आता उरल्या थोड्या मेंढ्या आणि डाळिंबाची शे-दीडशे झाडं. वाडीतून विटा, विट्याहून कराड, असा दोन एसट्या बदलून दत्ता त्यांना घेऊन आला होता. ह्या माणसाला राजी करायला त्याला दोन वर्षं लागली होती. म्हाताऱ्यानं हर्निया धोतराच्या फाडलेल्या पट्टीनं बांधलेला होता, वीस वर्षं रोज बांधत होता. मी वॉर्डबॉयला पट्टी सोडायला सांगितलं, तर दत्ता म्हणाला, "मी सोडतो." खाली बसला. गाठ त्याच्या हाताला सुटेना. शंभर कुस्त्या मारलेला माणूस, आणि एक गाठ... मी त्याला गमतीनं म्हणालो, अरे, पेशंट तू आहेस की ते? तो पट्टीची घडी घालू लागला.

ऑपरेशन झालं, म्हातारा वॉर्डात गाढ झोपला, आणि दत्ता माझ्या खोलीत येऊन बसला. दुपार होती, पंखा मोठ्यानं चालू होता. धुळाबापूंचा थोरला मुलगा सिदू दत्ताच्याच प्लाटूनमध्ये होता आणि शांतिसेनेत असताना तिकडेच वारला होता, एवढं मला माहीत होतं. कशानं, ते मी कधी विचारलं नव्हतं. दत्तानं ते त्या दिवशी सांगितलं.

तिकडे जाऊन महिना झाला असेल. आंघोळीच्या जागी सिदूनं त्याला बाजूला घेतलं आणि दाखवलं. लिंबाएवढा फुगवटा, झोपलं की आत जाणारा. पोरगं पाया पडलं. साहेब, दवाखान्यात सांगू नका, मला परत पाठवतील. वाडीतून विमानात बसलेला मी पहिला हाय, उलटं कसं जाऊ? दत्तानं त्याला खाटेवर झोपवलं, फुगवटा हलक्या हातानं आत सारला आणि वर आपला लंगोट कसून बांधला. हे त्यानं तालमीत पाहिलं होतं. तालमीत वस्ताद म्हाताऱ्या गड्यांना असंच बांधून द्यायचे, आणि ते गडी खुशाल शेतात औत धरायचे. आमच्या सातारा-सांगलीकडच्या पैलवानाला लंगोटानं बरं होत नाही असं काही असतं हे पटतच नाही. सकाळची हजेरी झाली की दत्ता स्वतः त्याला बांधून द्यायचा. पाच महिने. वाळूची पोती, पाण्याचे कॅन, सगळं पोरगं उचलत होतं, आणि दत्ताला वाटत होतं आपण त्याचं भलं करतोय.

"एक दिवस आत जाईना," दत्ता म्हणाला. "पोरगं घामाघूम झालं. मी म्हनलं, दम धर, श्वास सोड. आन् रेटलं रं मी. ह्या हातानं रेटलं आन् वरनं बांधलं."

त्याच दिवशी गस्तीचा ट्रक चिखलात रुतला, सिदूनंही खांदा लावला. संध्याकाळपासून उलट्या. त्यातही अर्धा दिवस दत्तानं खाण्यातलं काही बाधलं असेल म्हणून घालवला. मग डॉक्टरला सगळं सांगितलं, डॉक्टरनं जे बोलायचं ते बोलून घेतलं. शस्त्रक्रिया व्हायची ते तंबूतलं इस्पितळ लांब, रस्ते वाहून गेलेले, हेलिकॉप्टर पावसानं उडेना. तिसऱ्या दिवशी पोट उघडलं तेव्हा हातभर आतडं अडकून काळं पडलं होतं. आठवडाभर झुंजला आणि गेला. चौकशी झाली, दत्तानं काही लपवलं नाही, त्याला कडक शब्दांत समज मिळाली. म्हणजे सगळ्या पलटणीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सिदूच्या घरी. शवपेटी आधी आली. दत्ता कामगिरी संपवून, सहा महिन्यांनी वाडीवर गेला, वर्दी घालून, सगळं सांगायचंच असं ठरवून. म्हाताऱ्यानं पहिलं विचारलं, "पोरगं लय तळमळलं का?" दत्ता म्हणाला, नाही. एकदा ते खोटं बोलल्यावर खरं पुढं सरकेना. निघताना म्हातारा पोचवायला उठला तो मांडीच्या सांध्याशी हात धरून, आणि दत्तानं धोतराखाली तोच फुगवटा पाहिला.

एवढं सांगून झाल्यावर तो मला म्हणाला, "अव्या, आता म्हातारा धडधाकट हुईल. आता सांगू का त्याला?"

मी सर्जन आहे, मला उत्तर चटकन द्यायची सवय. मी म्हणालो, "सांगून कोणाला बरं वाटणार आहे? त्याला की तुला?" हा प्रश्न मला तेव्हा भलताच हुशारीचा वाटला होता. वर मी समजूतही घातली. हर्निया अडकायचा असला की अडकतो, तू बांधलं नसतंस तरी एखादवेळी झालं असतं, म्हाताऱ्याला पोरगं देशाच्या कामात गेलं एवढा आधार आहे तो काढून घेऊ नकोस. ह्यातलं निम्मं खरं होतं. दत्तानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. शाळेत गणिताचं उत्तर माझ्या वहीतून घेताना बघायचा तसंच. "तू म्हणतोस तर ऱ्हायलं," म्हणाला. मी सुटलो. खरं सांगायचं तर मी दमलेलो होतो, अजून दोन ऑपरेशनं होती, आणि मला ते प्रकरण त्या खोलीत मिटवायचं होतं.

पुढची दहाएक वर्षं दत्ता वाडीला जात राहिला. वर्षातून चार वेळा तरी. कधी बिरोबाच्या जत्रेला, कधी नुसताच. परतताना कराडात उतरायचा, माझ्या टेबलावर म्हाताऱ्यानं दिलेली दोन डाळिंबं ठेवायचा. मी विचारायचो, काय म्हणतो म्हातारा? "काय न्हाई. बसलो, उठलो." दोघं मेंढरांच्या वाड्यापाशी बाजेवर बसायचे म्हणे, तासन् तास. पाऊसपाण्याचं, डाळिंबावरच्या रोगाचं बोलायचे. सिदूचं नाव निघालं की दोघंही गप्प. गेल्या दिवाळीनंतर तो आला तेव्हा थकलेला दिसत होता, जिना चढून धापा टाकत होता. मी छाती तपासून घे म्हणालो, तो हो म्हणाला, आणि जाता जाता दारात थांबला. "अव्या, म्हातारा आता पिकलं पान. अजून सांगू नको म्हणतोस?" बाहेर पंधरा-वीस पेशंट होते. मी कागदावरून मान न उचलता म्हणालो, "आता कशाला दत्ता, एवढी वर्षं गेली." तो "व्हय" म्हणाला. ही आमची शेवटची भेट. त्याच्या ईसीजीची पट्टी काढायचीसुद्धा मी त्या दिवशी सोडून दिली.

तो गेल्यावर पाच-सहा आठवड्यांनी, ऐन ओपीडीच्या वेळी, रांगेत धुळाबापू बसलेले दिसले. एकटे आले होते, ऐंशीच्या वयात, विट्याला गाडी बदलून. मला वाटलं, हर्निया परत आला. आत घेऊन झोपवलं, खोकायला लावलं, जुनी खूण तपासली. सगळं चांगलं होतं. ते धोतर सावरत उठून बसले. दत्ताची बातमी त्यांना विट्याच्या बाजारात कोणा फौजीकडून कळली होती. ह्या बाजूला ओळखीचा असा मी एकटाच, म्हणून इथं उतरले.

"सुभेदार मला कायतरी सांगायचा व्हता," ते म्हणाले. "दर टायमाला यायचा, तोंड उघडायचा, आन् पावसाचं बोलायचा. तुमास्नी ठावं आसंल."

मी बाहेरचं दार लावून घेतलं आणि सांगितलं. लंगोट, पाच महिने, तो एक दिवस, ट्रक, सगळं. पेशंटच्या नातेवाइकांना सांगतो तसं क्रमानं सांगितलं, त्याशिवाय मला जमलं नसतं. म्हातारा भिंतीवरच्या पोटाच्या चित्राकडे बघत ऐकत होता. माझं संपलं तेव्हा बाहेर कोणाचं तरी लेकरू रडत होतं.

"पयली गाठ माजी हाय, डाक्टर," ते म्हणाले.

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं. परदेशी जायच्या आधी सिदू सुट्टीवर आला होता. तेव्हाच सुपारीएवढं होतं. मेंढरांच्या वाड्याजवळ त्यानं बापाला दाखवलं. "मी म्हनलं, ह्यात काय हाय, मलाबी हाय. माजंच धोतर फाडून पट्टी दिली, कशी बांधायची ते दावलं. साह्यबाला दावू नगं, न्हाईतर जाऊ देणार न्हाईत, आसं मीच म्हनलं." तपासणीला खोकायला सांगितलं की कसं हळू खोकायचं, हेसुद्धा बापानंच पढवलं होतं. पेटी आली तेव्हा वरच्या कागदावर पोटाचं दुखणं वाचून दाखवलं कोणीतरी, आणि बापाला त्याच क्षणी सगळं समजलं. दत्ताला वाटत होतं गोळा त्याच्या देखत, पोती उचलून झाला. मला तसंच वाटत होतं.

मी विचारलं, मग इतकी वर्षं त्याला का नाही सांगितलं, बापू?

"कसं सांगू? पोरगं आसल्यागत यायचा त्यो. वाटायचं, बापानंच आपल्या पोराला मारलं आसं त्येला कळलं, तर वाडीची वाट सोडंल." थोडं थांबून म्हणाले, "त्यानं तोंड उघडलं आसतं तर मीबी उघडलं आसतं. त्यो का बोलला न्हाई वं?"

उत्तर माझ्यापाशी होतं. मी म्हणालो, "धीर झाला नसेल त्याला."

आयुष्यभर माणसांची पोटं उघडली, आणि 'मीच नको म्हणालो' हे एक वाक्य टाळायला मला दत्ताच्या माथी खापर फोडावं लागलं. तेही तो गेल्यावर. ह्याची लाज मला त्याच क्षणी वाटली, तरी शब्द मागे घेतला नाही. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि पिशवी उचलली. पाटणला कुठून गाडी लागते, विचारू लागला. त्याला दत्ताच्या घरी जायचं होतं. मी सिस्टरला उरलेल्या पेशंटना उद्या बोलवायला सांगितलं आणि त्याला गाडीत घातलं. कराड ते दत्ताचं गाव तासाभराचा रस्ता, आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

वहिनींनी पडवीतच बाज टाकली. दत्ता जिथं टेकला होता तीच जागा, कोपऱ्यात त्याची काठी, खुंटीला टॉवेल, तो अजून कोणी काढला नव्हता. नवरा दर तीन महिन्यांनी आटपाडीकडे कशाला जातो हे त्या बाईला कधी नीट माहीत नव्हतं. देवाला जातात असं त्या धरून चालल्या होत्या. म्हाताऱ्यानं पाणी घेतलं, पटका काढून मांडीवर ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं, अगदी धोतराच्या पट्टीपासून. सुभेदाराचा काही दोष नव्हता, मीच आधी बांधलं, असं दोनदा म्हणाला. वहिनी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. महेश खांबाला टेकून उभा होता. मी पायरीवरच थांबलो होतो, चपला पायात ठेवून, बापूंचं झालं की लगेच निघायचं अशा बेतानं.

बोलून झाल्यावर म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून पाहिलं. रागानं नाही. मेंढरू लंगडतंय का ते बघावं तसं, नुसतं नीट पाहिलं.

"सगळ्या वाटंनं तुमी गप व्हता, डाक्टर," ते म्हणाले. "आता तुमचं सांगा."

मी चपला काढल्या, वर आलो, वहिनींच्या समोर बसलो आणि सांगितलं.